गोव्यात स्कुबा केल्यावर घाट कधी चढायचा? गाडी, बस आणि ट्रेनने परतणाऱ्यांसाठी

गोव्यात डायव्हिंगला येणारे लोक दोनच गोष्टी विचारून येतात, पोहता येत नाही तर चालेल का आणि व्हिडिओ पॅकेजमध्ये धरलाय का. दुकानवाले फार तर एक प्रश्न उलटा विचारतात, "उद्या फ्लाइट आहे का?" नाही म्हटलं की विषय संपला. परवा बोटीवर पुण्याचा एक ग्रुप होता, त्यातल्या एकाने इन्स्ट्रक्टरला नीट विचारलं, "दादा, आज रात्रीची बस आहे, चालेल ना?" उत्तर आलं, "बस ना? मग काय टेन्शन नाय." आणि ती बस रात्री दहाच्या आसपास आंबोली चढणार, हे दोघांच्याही डोक्यात नाही. डायव्हमध्ये अंगात विरघळलेल्या नायट्रोजनला तुम्ही तिकीट कशाचं काढलंय त्याच्याशी काय देणंघेणं, बाहेरचा दाब कमी झाला की तो अंगातून बाहेर यायला बघतो, मग ते विमान असो नाहीतर स्लीपर बस.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, खास करून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूरकडे रस्त्याने परतणाऱ्यांसाठी.

आधी दाब समजून घ्या

पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब समुद्रसपाटीच्या दुप्पट होतो. त्या दाबाखाली तुम्ही टाकीतली साधी हवा घेता, तिच्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, आणि तो रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळत राहतो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे निघून जातो, रक्तातून पटकन, चरबी आणि सांध्यांच्या आसपासच्या भागातून फार सावकाश, त्याला कित्येक तास लागतात. सोड्याच्या बाटलीचं उदाहरण प्रत्येक इन्स्ट्रक्टर देतो म्हणून मी देत नाही.

आता घाट. समुद्रसपाटीचा दाब १०० धरला तर आंबोलीला साधारण ६९० मीटरवर तो ९२ च्या आसपास येतो, चोर्ल्याला साधारण ८०० मीटरवर ९१. विमानाच्या केबिनमध्ये जास्तीत जास्त ८,००० फुटांइतका दाब ठेवतात, म्हणजे ७४-७५. म्हणजे घाट हा विमानाइतका वाईट नाही हे खरं, पण शून्यही नाही. म्हापशात घेतलेलं वेफर्सचं पाकीट आंबोलीत पोचेपर्यंत टम्म फुगलेलं असतं, दाणोली सोडून वळणं सुरू झाली की कानात टक्-टक् होतं, तेच ते आठ टक्के. डायव्हनंतर पहिल्या तास-दोन तासांत रक्तात बारीक बुडबुडे असणं अगदी नॉर्मल डायव्हलाही होऊ शकतं, त्रास देत नाहीत, फुफ्फुसात गाळले जातात. पण नेमक्या त्याच वेळी तुम्ही दाब अजून कमी केलात तर आहेत ते बुडबुडे मोठे होतात आणि नवीन तयार व्हायला वाव मिळतो. सांधे दुखण्यापासून पाय लुळे पडण्यापर्यंतचा जो त्रास होतो त्याला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात, डायव्हर लोक नुसतं बेंड्स म्हणतात.

नियम काय आहे

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, यांनी २००२ च्या वर्कशॉपमधून डायव्हिंगनंतर विमानप्रवासाची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली तीच आज बहुतेक सगळे वापरतात. एकच नो-डीको डायव्ह (वर येताना नायट्रोजन काढायला मध्ये थांबे, म्हणजे डीको स्टॉप, घ्यावे लागत नाहीत असा) केला असेल तर किमान १२ तास. दिवसात एकापेक्षा जास्त डायव्ह किंवा सलग काही दिवस डायव्हिंग असेल तर किमान १८ तास. डीको स्टॉप लागणारा डायव्ह असेल तर १८ पेक्षा बरेच जास्त, सरळ २४ धरा.

बरेच जण इथे एक गोष्ट वाचतच नाहीत, हे नियम २,००० ते ८,००० फूट केबिन उंचीसाठी आहेत. २,००० फूट म्हणजे ६१० मीटर. आता आंबोली आणि चोर्ला पुन्हा आठवा, दोन्ही या रेषेच्या वर आहेत. म्हणजे "तो नियम विमानाचा आहे, आपण गाडीने चाललोय" हे आर्ग्युमेंटच टिकत नाही, उंचीच्या हिशोबाने आपले घाट त्या नियमाच्या खालच्या टोकाला पण आतच बसतात.

६१० च्या खाली काय? डायव्हिंगचे कोर्स चालवणारी संस्था पॅडी ३०० मीटरच्या वरच्या पाण्यातल्या डायव्हला अल्टिट्यूड डायव्ह मानते, म्हणजे त्यांच्या हिशोबाने ३०० मीटरपासून उंची मोजायला लागायची. म्हणून माझा साधा हिशोब असा, ३०० मीटरच्या खाली बिनधास्त फिरा, ३०० ते ६०० मध्ये निदान घाई करू नका आणि ६०० च्या वर डॅनचा नियम जसाच्या तसा पाळा.

अमेरिकन नौदलाच्या डायव्हिंग मॅन्युअलमध्ये यासाठी वेगळं टेबलच आहे, १,००० फुटांच्या टप्प्यांनी, तुमचा रिपीटिटिव्ह ग्रुप (डायव्हनंतर अंगात किती नायट्रोजन उरलाय ते सांगणारं अक्षर) बघायचा आणि किती थांबायचं ते वाचायचं. कमी उंची आणि हलका ग्रुप असेल तर ते टेबल बरीच सूट देतं, आणि त्यामुळेच कोर्स केलेले हुशार लोक त्याचे स्क्रीनशॉट पाठवत असतात. वापरायचं तर वापरा, पण त्यातली अक्षरं नौदलाच्या टेबलांची आहेत, पॅडीच्या टेबलवरून काढलेला ग्रुप तिथे घालायचा नाही, दोन्हीकडे "डी" असलं तरी ते दोन वेगळे "डी" आहेत. आणि नौदलाच्या डायव्हरच्या मागे डॉक्टर, ऑक्सिजन आणि चेंबर (दाब वाढवून बेंड्सवर उपचार करायची खोली) उभं असतं, तुमच्या मागे रात्री अकराला कणकुंबीच्या रस्त्यावर कोण उभं असणार?

पहिलं काम: आपण नक्की किती डायव्हिंग केलं ते लिहून काढा

शेवटच्या डायव्हमधून पाण्याच्या वर किती वाजता आलात तो टाइम फोनमध्ये टाका. सगळे तास तिथून मोजायचे, बोट जेटीला लागली तिथून नाही आणि हॉटेलवर पोचलात तिथूनही नाही.

ग्रँड आयलंडचं टुरिस्ट पॅकेज असेल, म्हणजे इन्स्ट्रक्टर हात धरून पाच-सहा मीटरवर थोडा वेळ फिरवून आणतो आणि तुम्ही माशांना बघून अंगठा वर करता (अंगठा वर म्हणजे खरं तर "वर चला" असतं, पण ते असो), तर तो एकच उथळ डायव्ह झाला. अंगात नायट्रोजन फारच थोडा असतो. तरी १२ तास थांबाच असं मी म्हणेन, कारण त्यासाठी तुम्हाला काही गमवावं लागत नाही, दुपारी परत येताय, रात्री झोपा, सकाळी निघा.

सर्टिफाइड असाल आणि सुझीज रेक (बुडालेलं जहाज) वगैरे करून दिवसात दोन-तीन डायव्ह टाकले असतील तर १८ तास. कर्नाटकात मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटाला जाऊन दोन दिवस डायव्ह केले असतील तर तेही १८, आणि तिथे खोली ग्रँड आयलंडपेक्षा जास्त होते म्हणून मी पूर्ण २४ देतो. मुर्डेश्वर ते गोवा हा रस्ता सगळा किनाऱ्याने आहे, त्यामुळे गोव्यापर्यंत यायला काही अडचण नाही, गडबड मुर्डेश्वरहूनच अंकोला-यल्लापूर घाटाने थेट हुबळीकडे निघणाऱ्यांची होते.

ओपन वॉटर कोर्स, म्हणजे डायव्हरचं पहिलं सर्टिफिकेट देणारा कोर्स, केला असेल तर तो सलग काही दिवसांचा असतो, म्हणजे १८. कोर्स संपला, कार्ड मिळालं, संध्याकाळी पार्टी आणि रात्री बस, हे कॉम्बिनेशन मला सगळ्यात जास्त दिसतं.

दुसरं काम: रस्त्याची उंची बघा, आणि मुक्कामाची पण

माझ्या मते हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. हिमालयात किंवा परदेशात लोक खिंड ओलांडतात, वर जातात आणि तासाभरात दुसऱ्या बाजूला खाली उतरतात. आपल्या सह्याद्रीचं तसं नाही, घाट चढलात की पुढे पठार, उतरणं नाहीच. बेळगाव साधारण ७५० मीटरवर, कोल्हापूर आणि पुणे साडेपाचशेच्या आसपास, बंगळूर ९०० च्या वर. म्हणजे रात्री दहाला घाट चढलात तर कमी दाबात दोन तास नाही, अख्खी रात्र आणि पुढचा सगळा दिवस काढणार. "घाट पटकन पार करून टाकू" या वाक्याला इथे काही अर्थ नाही.

गोव्यातून वर जायचे रस्ते असे. सावंतवाडीहून आंबोली, पुढे आजरा, कोल्हापूर किंवा निपाणी. साखळी-केरीहून चोर्ला, पुढे कणकुंबी, जांबोटी, बेळगाव. फोंडा-मोलेहून अनमोड, पुढे रामनगर. दोडामार्गकडून तिलारीचा घाट, चंदगडवाल्यांचा लाडका. सगळे कुठे ना कुठे सहाशेच्या आसपास किंवा वर जातात, त्यामुळे यातला कुठला "डायव्हरला बरा" असं काही नाही. मालवण-तारकर्लीला डायव्ह करून फोंडाघाट किंवा गगनबावड्याने संध्याकाळी कोल्हापूरला परतणाऱ्यांनाही हेच सगळं लागू.

उंची बघायला गुगल अर्थ चालतं, नाहीतर सगळ्यात सोपं म्हणजे गोव्याला येतानाच फोनवर अल्टिमीटरचं अॅप चालू ठेवा आणि घाटमाथ्यावर चहाला थांबाल तेव्हा आकडा बघून घ्या, परतीला तोच उपयोगी पडतो. येताना उंचीवरून खाली येऊन लगेच डायव्ह केला तर काही प्रॉब्लेम नाही, पठारावरच्या माणसाच्या अंगात नायट्रोजन उलट जरा कमीच असतो.

तिसरं काम: ट्रिपचा क्रम उलटा करा

लोक डायव्हिंग शेवटच्या दिवशी ठेवतात, कारण बुकिंग उशिरा होतं किंवा हिंमत उशिरा होते. ते पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी घ्या. मंगेशी, जुनं गोवं, पणजीतलं फोंटेन्हास, मसाल्याच्या बागा, बीचवर नुसतं लोळणं, हे सगळं समुद्रसपाटीवर किंवा तिच्या जरा वर होतं आणि डायव्हनंतर आरामात करता येतं. पारोड्याचा चंद्रेश्वराचा डोंगर तीनशेच्या थोडा वर जातो, तोही दुसऱ्या दिवशी ठेवलेला बरा, कारण डायव्हनंतर लगेच दमवणारी चढण चांगली नाही.

शेवटच्या दिवशीच डायव्ह करायचा असेल तर वेळेचं गणित बघा. बोटी सकाळी जातात, शेवटचा डायव्ह दुपारी बारापर्यंत संपतो. त्यात १८ मिळवा, दुसऱ्या दिवशी सकाळचे सहा. म्हणजे फक्त एक रात्र जास्तीची. सकाळी पाव-भाजी आणि चहा घेऊन सातला पणजीतून निघालात तर घाटात पोचेपर्यंत वीस तास झालेले असतात, आणि दिवसाउजेडी घाट म्हणजे धुकं, समोरून येणारे ट्रक, डोळ्यावरची झोप, हे सगळेच प्रश्न कमी होतात. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचवायला लोक हे सगळं अंगावर घेतात, मला कळत नाही.

आणि थांबणं शक्यच नसेल तर?

सकाळी ऑफिस आहे वगैरे. तर मग खालून जा. मुंबईवाल्यांना हे सोपं, हायवे ६६ ने सावंतवाडी, कणकवली, चिपळूण, पनवेल, वाटेत परशुराम आणि कशेडीसारखे घाट आहेत पण ते आंबोली-चोर्ल्याच्या मानाने बुटके, आणि कशेडीला आता बोगदा आहे. मडगाव किंवा थिवीहून कोकण रेल्वे तर अजून बरी, ती किनारपट्टीनेच जाते.

पण दोन ठिकाणी फसायला होतं. एक म्हणजे मुंबईच्या बऱ्याच खासगी बस हायवे ६६ सोडून कोल्हापूर-पुण्याने जातात. तिकीट काढताना "कुठून जाते?" विचारा, आणि ऑफिसातल्या माणसाने ठोकून दिलं असं वाटलं तर अॅपवर बोर्डिंग-ड्रॉपिंगची यादी बघा, त्यात कोल्हापूर, कराड, सातारा असेल तर बस घाट चढणारच. दुसरं म्हणजे प्रत्येक ट्रेन कोकण रेल्वेने जात नाही. वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस दूधसागरच्या घाटाने कॅसलरॉकला चढते आणि लोंढा, बेळगाव, मिरज करत पुण्याला जाते. खिडकीतून धबधबा मस्त दिसतो, पण डायव्हच्या दिवशी नको.

पुणेकरांना सुटका नाही, खालून पनवेलपर्यंत आलात तरी शेवटी खंडाळा चढावाच लागतो. पण त्यात एक फायदा असा की गोवा ते पनवेल हे दहा-बारा तास खालीच जातात आणि तेवढ्यात तुमचा वेळ भरत येतो. बेळगाव-हुबळीवाल्यांना तोही पर्याय नाही, त्यांनी घाटाच्या पायथ्याशी, साखळी, डिचोली, सावंतवाडी कुठेही रात्र काढावी आणि सकाळी चढावं. पाव रस्ता झाला याचं समाधान मिळतं आणि सकाळी पणजीचं ट्रॅफिक लागत नाही.

डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं डायव्हरचं घड्याळ) हातात असेल तर त्यावरचं विमानाचं चिन्ह किंवा नो-फ्लाय टाइम जाईपर्यंत घाट नको, इतकं सरळ ठेवा. काही मॉडेल डायव्ह बघून हिशोब करतात, काही नुसते २४ तास उलटे मोजतात, त्यामुळे मित्राच्या घड्याळावर १४ आणि तुमच्यावर २३ दिसलं तर घाबरू नका, पण आपापल्या घड्याळाचं ऐका. भाड्याचा कॉम्प्युटर दुकानात परत द्यायच्या आधी त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

डायव्ह ते घाट, मधल्या वेळात

पाणी प्या, भरपूर. उन्हात बोटीवर बसून, खारं पाणी तोंडात जाऊन, वर ओकारी झाली असेल तर शरीर सुकलेलं असतं आणि सुकलेल्या शरीरात रक्त नीट फिरत नाही, नायट्रोजनही नीट निघत नाही. सोलकढी, शहाळं, लिंबूपाणी, जे मिळेल ते. दारू संध्याकाळी नकोच. फेणीने बेंड्स होतात असं नाही, पण डिहायड्रेशन वाढतं आणि दुसऱ्या दिवशी डोकं जड, अंग मोडल्यासारखं, गरगरणं, हे हँगओव्हरचं की दुसऱ्या कशाचं ते तुम्हालाही कळत नाही आणि डॉक्टरलाही. डायव्ह झाल्या झाल्या जिम, लांब पळणं, खूप गरम पाण्याने अंघोळ टाळा.

लक्षणं

खांदा, कोपर, गुडघा अशा सांध्यात खोलवर दुखणं, जे दाबून किंवा हलवून कमी-जास्त होत नाही. त्वचेवर खाज किंवा जांभळट चट्टे. केलेल्या कामाच्या मानाने फारच थकवा. मुंग्या, बधिरपणा, हातापायात जोर नसणं, तोल जाणं, लघवी न होणं, छातीत दुखून धाप लागणं. अमेरिकन नौदलाच्या मॅन्युअलप्रमाणे ४२ टक्के केसमध्ये लक्षणं पहिल्या तासात दिसतात, ८३ टक्क्यांत आठ तासांत, आणि ९८ टक्क्यांत २४ तासांत. दुपारी बाराचा डायव्ह आणि रात्रीची बस असा विचार करा, स्लीपर बसमध्ये पांघरूण घेऊन झोपलेल्या माणसाला हात बधिर झालाय हे "हातावर झोपलो वाटतं" असंच वाटतं. म्हणून डायव्ह केलेल्याने त्या रात्री एकट्याने प्रवास करू नये, आणि गाडी असेल तर चालवायला दुसऱ्याला द्यावी.

निघायच्या आधी काहीही वाटत असेल तर घाट चढायचाच नाही, तास कितीही भरलेले असोत. वरचे १२ आणि १८ हे लक्षणं नसलेल्या माणसासाठीच आहेत.

घाटात असताना सुरू झालं तर गाडी वळवा आणि खाली या, वर पोचून बघू असं करू नका. १०८ ला फोन करा, माणसाला आडवं ठेवा, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर पाणी द्या, आणि शुद्ध ऑक्सिजन मिळेल तिथे लगेच लावा. दुखायचं थांबलं तरी ऑक्सिजन काढून "बरं वाटलं" म्हणून पुढे जायचं नाही. परत पाण्यात उतरून बुडबुडे दाबायची आयडिया कोणी दिली तर त्याला गप्प बसवा. गोव्यात असाल तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आहे, आणि डाइव्ह शॉपला फोन हवाच, त्यांच्याकडे ऑक्सिजन किट आणि कुठल्या चेंबरला न्यायचं याचा प्लॅन असायला हवा. तो आहे का हे बुकिंगच्या वेळीच विचारा, उत्तर देताना अडखळले तर दुकान बदला.

बेळगाव-कोल्हापूरला पोचल्यावर सुरू झालं तर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आधी ऑक्सिजन, आणि डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा की स्कुबा केलंय, किती वाजता, किती खोल, किती डायव्ह, आणि घाट कधी चढलो. हे नाही सांगितलं तर गुडघेदुखीची गोळी देऊन घरी पाठवतील, आणि त्यात डॉक्टरची चूक नाही, पठारावर असले पेशंट येणार कुठून. मग तिथूनच डॅनच्या इमर्जन्सी लाइनला, +१-९१९-६८४-९१११, फोन लावून डॉक्टरकडे द्या. शहरात जखमांसाठी हायपरबॅरिक ऑक्सिजनची सेंटर असतात पण सगळी डायव्हरला घेत नाहीत, त्यामुळे आधी फोन, मग गाडी.

राहिलेलं थोडं

नायट्रॉक्सवर (जास्त ऑक्सिजन आणि कमी नायट्रोजन असलेल्या हवेवर) डायव्ह केला तरी तास तेच धरा. बाइकने जाणाऱ्यांना वेगळा नियम नाही, फक्त हात बधिर झाले तर हँडलमुळे झाले असं समजून दुर्लक्ष व्हायची शक्यता जास्त. आणि बोटीवरून नुसतं स्नॉर्केलिंग केलं असेल, तोंडात नळी, वरवर तरंगत, तर टाकीतली हवा घेतलेलीच नाही, तुम्ही त्याच दुपारी चोर्ला चढा, काही हरकत नाही.